वरच्या ओळीचा माइक

“कला साधनांवर अवलंबून नसते,” असं म्हणून नानाजी भोयर गुरुजींनी काउंटरवरचा पाचवा माइक उचलला, तोंडासमोर धरला आणि सतराचा पाढा सुरू केला.

सतरा चोक अडुसष्टपर्यंत माइकनं बरी साथ दिली. सतरा पाचे पंच्याऐंशीला मात्र स्पीकरमधून फट्ट असा आवाज आला आणि दुकानासमोरून जाणारा एक सायकलवाला पाय टेकवून उभा राहिला. गुरुजींनी पाढा थांबवला. पिशवीतून वही काढली, पाच आकड्यासमोर ‘नापास’ असं लिहिलं आणि माइक दुकानदाराच्या हातात दिला. वर्गाबाहेर काढलेलं पोरगं पालकाच्या हवाली करावं तसा.

“‘प’ फुटते याच्यात,” ते म्हणाले.

“सर, थोडा लांब धरा ना,” दुकानदार प्रफुल्ल म्हणाला. पस्तिशीचा माणूस, सकाळपासून हसरा होता. आता हसू टिकवायला त्याला मेहनत पडत होती.

“मी कायले लांब धरू? त्यानं सुधरावं.”

प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीत पिशवी घेऊन बसलेल्या विमलताई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, “पाच पोरं नापास झाले. शाळेतही असंच करत. मंग तपासणीले साहेब आला का सगळे पास.”

चौघं सकाळच्या एसटीनं राळेगावकडून यवतमाळला आले होते. गुरुजी, विमलताई, गावचा साउंडवाला देवीलाल राठोड आणि उकंडा. दत्त चौकातून आत वळल्यावर जे पहिलं माइकचं दुकान दिसलं त्यात ते शिरले होते, आणि अडीच तास तिथंच होते. वीस दिवसांवर पांढरकवड्याची खंजिरी भजन स्पर्धा होती आणि तिच्यासाठी मंडळाला स्वतःचा माइक हवा होता.

मंडळ एकतीस वर्षांचं. गुरुजी मुख्य गायक, खंजिरीही त्यांच्याच हातात. उकंडा झीलकरी. गुरुजींनी ओळ म्हटली की मागून ती उचलून धरायची, हे त्याचं काम. त्याआधी तो गावचा कोतवाल होता. ग्रामपंचायतीवर भोंगा बसेपर्यंत दवंडी तोच द्यायचा, आणि पारावर दिलेली दवंडी शेताच्या धुऱ्यावरच्या माणसाला कळायची. भोंगा बसल्यावर पाण्याचा नळ कधी येणार हे गावाला कळेनासं झालं, पण ती वेगळी गोष्ट.

अडचण तीन वर्षांपूर्वी सुरू झाली. गुरुजींनी ग्रामसफाईवर स्वतः रचलेलं एक भजन होतं: खाट सोड गड्या, दिस वर आला. मंडळाचं सगळं नाव त्या भजनावर. त्यात ‘वर आला’ला सूर खरोखरच वर जातो आणि तिथं थोडा वेळ राहतो. ह्या जागी गुरुजींचा आवाज मागं जायला लागला. ‘दिस’पर्यंत समोरून यायचा, ‘वर आला’ला दोन हात मागून आल्यासारखा वाटायचा, आणि पुढच्या ओळीला पुन्हा समोर.

त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाचा गळा थकू शकतो, ही शक्यता गावात कोणी बोलून दाखवली नाही. अर्ध्या गावाला गुरुजींनी शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याच्या बापांना. कार्यक्रम संपला की लोक गुरुजींच्या पाया पडत आणि देवीलालकडे वळून म्हणत, “देवीलाल, तुह्या माइक वरच्या सुराले मांगं हटते रे.” पहिल्या वर्षी हे हळू आवाजात म्हणायचे. तिसऱ्या वर्षी हे गावाचं मत झालं. ज्याचा माइक गुरुजींना पुरत नाही तो नवरदेवाच्या मामाला काय पुरणार, असा विचार करून लोकांनी लग्नांसाठी बाहेरचा साउंड सांगायला सुरुवात केली. देवीलालच्या घरी दोन मोठे स्पीकर होते. त्यातल्या एकावर आता टीव्ही ठेवला होता.

देवीलालला खरं काय ते माहीत होतं. गेल्या गणपतीत त्यानं हेडफोन लावून ऐकलं. ‘वर आला’ला गुरुजींचे ओठ हलतात, मान वर जाते, कपाळावर शीर येते, आवाज उजव्या खांद्यामागून येतो, जिथं उकंडा बसतो. कार्यक्रम झाल्यावर त्यानं उकंडाला गाठलं.

“उकंडाभाऊ, वरची ओळ तू म्हनतं ना?”

“मी झील धरतो.”

“ओळीच्या आंधी?”

“कधी कधी झील जरा लवकर लागते,” उकंडा म्हणाला आणि सतरंजीची घडी घालायला लागला.

हे एक वाक्य पारावर जाऊन सांगितलं असतं तर देवीलालचं नाव त्याच दिवशी धुऊन निघालं असतं. तो गेला नाही. तांड्यावरून पहिलीत नेण्यासाठी गुरुजी तीन दिवस सायकल घेऊन आले होते आणि तिसऱ्या दिवशी त्याला दांड्यावर बसवून घेऊन गेले होते. चौथीत सव्वीस जानेवारीला त्यांनी त्याला माइकची वायर धरून उभं केलं होतं. ती वायर त्यानं तेव्हापासून सोडली नव्हती, असं म्हणता येईल.

“सहावा दाखवू का सर?” प्रफुल्लनं विचारलं.

“हे सगळे काकड्यायसारखे हायेत. हातात धरून खावं वाटते,” गुरुजी म्हणाले. “मले दोन्ही हात खंजिरीले लागते. मले तसा पाह्यजे.” त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर काढून दाखवलं. खाली दांडी, वर गोलसर जाड डोकं आणि डोक्याला उभ्या पट्ट्या.

विमलताईंनी वाकून पाहिलं. “हे त जुन्या मोटारीचं थोबाड झालं.”

“जुने लोक याच्याच समोर उभे राहून बोलत. अन् सरळ उभे राहत. समोर भारदस्त काही असलं का मानूस वाकडा बसत नाई.”

“क्लासिक!” प्रफुल्लचा चेहरा उजळला. “सर, आधी सांगायचं ना! विंटेज लुक. रील बनवणारी पोरं हेच नेऊन राहिली.”

“मले रील नाई बनवायची.”

“बनवा ना सर, काय बिघडते.”

त्यानं आतून दोन खोकी आणली आणि दोन माइक काउंटरवर शेजारी शेजारी उभे केले. दोन्ही चकचकीत, दोन्हींना उभ्या पट्ट्या, पट्ट्यांच्या फटीतून निळा स्पंज. दुकानातली पाचही माणसं त्यात उभी चिरल्यासारखी दिसत होती. गुरुजींनी एकेक उचलून पाहिला. एक नारळाएवढा जड. दुसरा रिकाम्या डब्यासारखा.

“दिसायला सेम,” प्रफुल्ल म्हणाला. “हा जड हाय ना सर, हा असली. फक्त समोरचा आवाज घेते. बाजूला बँड वाजू द्या, मागं लेकरू रडू द्या, काही येणार नाही. समोर जो बसला त्याचा गळा जसा हाय तसा. अन् हा हलका चहूकडून घेते. देवळात नेतात लोक, मधात ठेवून देला का सगळी आरती येते. तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत. पण क्वालिटी म्हणाल तर जड.”

देवीलालच्या हातात वायर होती. तो ती गुंडाळत होता. एक वेढा वरून, एक वेढा खालून, जसं तो रोज करतो. प्रफुल्लचं बोलणं संपलं तेव्हा हात थांबले.

जड माइक म्हणजे ‘वर आला’ला शांतता. खंजिरी वाजेल, गुरुजींची मान वर जाईल, आणि पांढरकवड्याच्या मंडपात काहीही ऐकू येणार नाही. गावाहून आलेले लोक पुढच्या रांगेत बसलेले असतील. त्यांना कळेल की माइक कधीच मागं हटला नव्हता. देवीलालला घरच्या स्पीकरवरचा टीव्ही खाली उतरवता येईल.

“देवीलाल, तू सांग,” गुरुजी म्हणाले. “धंदा तुह्या हाय.”

देवीलालनं वायरचा उरलेला वेढा पूर्ण केला. “हलका घ्या गुरुजी.”

प्रफुल्लनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याच्याच बिरादरीतला माणूस फितूर झाला.

“काहून?”

“भजन म्हंजे सगळ्यायचं असते. एकट्याचाच आवाज आला त मंग ते भाषण होते.”

गुरुजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. शाळेत ते एखाद्याच्या वहीकडे असं बघायचे तेव्हा तो पोरगा आपोआप उभा राहायचा.

“उत्तर देल्लं,” ते म्हणाले. “रीत नाई दाखवली.”

मग त्यांनी चपला काढल्या, विमलताईंच्या खांद्यावरची शाल मागून घेतली, दुकानाच्या फरशीवर अंथरली आणि मांडी घातली. पिशवीतून खंजिरी काढली. देवीलालनं छोट्या स्टँडवर जड माइक लावून त्यांच्या तोंडासमोर आणला. दारात उभ्या असलेल्या उकंडाला गुरुजी म्हणाले, “तू तुह्या जागी बस.”

उकंडा त्यांच्या उजव्या खांद्यामागं बसला. ती जागा एकतीस वर्षं त्याचीच होती. गावातल्या विहारात जयंतीला तो पुढं बसून गायचा, पेटी स्वतः घ्यायचा, आणि मागं झील धरायला चार जण असायचे. हे चौघांनाही माहीत होतं. पण ते विहारात.

खंजिरी वाजली. “खाट सोड गड्या, दिस...” गुरुजींचा आवाज स्पीकरमधून निघाला, थोडा घासलेला पण जागच्या जागी. मग मान वर गेली.

स्पीकर गप्प झाला.

उकंडाचा आवाज दुकानात होता. तो स्पीकरमधून न येता सरळ हवेतून येत होता आणि कपाटातल्या काचा त्यानं किंचित थरथरत होत्या. माइकला मात्र त्याचा पत्ता नव्हता. पुढची ओळ आली आणि स्पीकर पुन्हा बोलायला लागला.

प्रफुल्लनं घाईनं बटणं फिरवली. “सॉरी सर, मधातच बंद पडला का?”

“बंद नाई पडला,” गुरुजी म्हणाले. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. “आता तो लाव.”

हलका माइक लागला. तेच भजन, तीच ओळ. ह्या वेळी सगळं आलं: गुरुजी, उकंडा, खंजिरी, पंख्याची घरघर आणि बाहेरच्या सायकलवाल्याचं ‘वा’. वरच्या ओळीला आवाज दोन हात मागं गेला, तीन वर्षं जात होता तसाच. गुरुजींनी पुन्हा वहीत लिहिलं. देवीलाल स्टँडचा आधीच घट्ट असलेला स्क्रू घट्ट करत राहिला.

“जड लाव परत,” गुरुजी म्हणाले. ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, जरा वेळ लागला. “उकंडा, पुढं ये.”

“मी इथंच बरा हाय गुरुजी.”

“पुढं ये म्हन्लं.”

“इथून बी चांगलं ऐकू येते मले.”

“तुले ऐकू येऊन काय करतं? लोकायले आलं पाह्यजे.”

विमलताई खुर्चीवरून उठल्या आणि उकंडाच्या जवळची पिशवी स्वतःकडे घेतली. “बसा उकंडाभाऊ. नाई बसले त हे परत पाढे म्हनतीन, अन् मले दुपारची गाडी पकडायची हाय.”

उकंडा उठला. शालीच्या कडेला पाय लागू न देता पुढं आला आणि माइकसमोर बसला. थोडा तिरका, अर्धी मांडी. मग माइकमध्ये स्वतःचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांत दिसला तेव्हा सरळ झाला. गुरुजी त्याच्या उजव्या खांद्यामागं बसले.

“कोनती ओळ म्हनू?”

“सगळ्याच म्हन.”

तो सुरुवातीला दबकत म्हणाला. खाट सोड गड्या. ‘दिस’पर्यंत येता येता खांदे खाली उतरले. ‘वर आला’ला आवाज मागं गेला नाही. जिथं होता तिथंच उभा राहिला आणि तिथूनच उंच झाला. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईनं मशीन थांबवलं. मागं गुरुजी खंजिरी वाजवत होते आणि ओळ संपली की खालच्या सुरात ती उचलून धरत होते. झील जरा उशिरा लागत होती, पण पहिल्याच दिवसाच्या मानानं ठीक.

संपल्यावर गुरुजींनी वही घेतली आणि लिहिलं. विमलताईंनी डोकावलं तशी त्यांनी वही छातीशी धरली.

“किती देल्ले?”

“पेपर फोडायची सवय नाई मले.” त्यांनी प्रफुल्लकडे वळून जड माइककडे बोट केलं. “हा बांधून द्या.”

परतीच्या एसटीत विमलताई आणि गुरुजी पुढच्या बाकावर, देवीलाल मागं, आणि त्याच्या शेजारी खोकं मांडीवर घेतलेला उकंडा. खोकं उकंडानं कोणाकडे दिलं नाही. यवतमाळ सुटल्यावर तो खिडकीला डोकं लावून झोपला, पण हात खोक्यावरच होते.

देवीलाल पुढं वाकला. “गुरुजी, तुमाले माहीत होतं?”

“गळा माह्या हाय बे. तुह्या नाई.”

“मंग बोलले काहून नाई?”

“सगळं गाव माइकचं नाव घेऊन राह्यलं होतं. मले वाटलं, बरं हाय. मानसाले नाव ठेवन्यापरस माइकले ठेवलेलं बरं. माइकचा कायचा अपमान होते?”

“माइक माह्या होता ना गुरुजी.”

गुरुजींनी मागं वळून पाहिलं, मग पुढं बघायला लागले. बाहेर कपाशीची शेतं, सोयाबीन काढून मोकळी झालेली वावरं, पुन्हा कपाशी. कळंबला गाडी थांबली, चार माणसं उतरली, सहा चढली.

“हे ध्यानात नाई आलं माह्या,” ते म्हणाले. “चुकलं.”

एकतीस वर्षांच्या मंडळात आणि सदतीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. विमलताईंनी गुंडाळलेली शाल उलगडली आणि पुन्हा गुंडाळली.

“पांढरकवड्याले साऱ्यायसमोर सांगतो,” गुरुजी म्हणाले. “माइकवरूनच सांगतो. घोळ संपला.”

देवीलाल मागं टेकला. आजवर गुरुजींनी सांगितलं आणि गावानं ऐकलं नाही, असं झालं नव्हतं. त्यानं मनात टीव्ही खाली उतरवला आणि स्पीकरवरची धूळ पुसली.

स्पर्धेच्या दिवशी गावाहून दोन गाड्या भरून माणसं आली. भागवत सप्ताह समितीचे अध्यक्ष फकिराजी काळे पहिल्या रांगेत मधोमध बसले. पुढच्या महिन्यात गावचा सप्ताह होता आणि सात दिवसांचं साउंड कोणाला सांगायचं हे फकिराजींच्या हातात होतं. देवीलालनं त्यांना नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, त्यातून काही कळलं नाही.

सकाळी अकराच्या सुमाराला मंडळाचं नाव पुकारलं. देवीलालनं स्वतः स्टँड लावला, माइक बसवला, उकंडाच्या तोंडाच्या उंचीला आणला. मंडपाच्या छतातून आलेलं ऊन माइकवर पडलं आणि लोकांत कुजबुज झाली. गुरुजी पुढं आले. माइकसमोर बसले नाहीत, वाकून बोलले. निकाल वाचावा तसं, प्रत्येक शब्द वेगळा.

“आमच्या मंडळाचे मुख्य गायक आजपासून श्री. उकंडा. तीन वर्षांपासून माझा गळा वर जात नाही. वरची ओळ हेच म्हणत होते. लोकांनी देवीलाल राठोडच्या माइकला दोष दिला. तो माइक चांगला होता. दोष गळ्याचा होता. हे मी आधी सांगायला हवं होतं.”

ते मागं जाऊन उजव्या खांद्यामागं बसले. टाळ्या पडल्या. प्रत्येक मंडळाच्या प्रस्तावनेला जेवढ्या पडत होत्या तेवढ्याच.

मग उकंडा गायला. दुकानात गायला त्याच्यापेक्षा चांगला गायला, कारण इथं छत उंच होतं. ‘वर आला’ला मागच्या रांगेतली, पाणी प्यायला उठलेली माणसं ग्लास हातात धरून उभी राहिली. एका परीक्षकानं पेन खाली ठेवलं. देवीलालनं हेडफोन काढून टाकला. त्याची गरज नव्हती.

स्टेजवरून खाली उतरल्यावर गावच्या माणसांनी घेरलं. सगळ्यात आधी फकिराजी आले आणि गुरुजींच्या पाया पडले.

“वा गुरुजी, वा! काय आवाज लागला! मी म्हनतच होतो, माइक बदला, माइक बदला.”

“गायला उकंडा,” गुरुजी म्हणाले.

“हाव, उकंडा होताच ना.”

“पुढं होता. मी मांगं होतो. आयकलं का नाई मी काय सांगतलं ते?”

“आयकलं तर! डोयात पानी आलं बाप्पा.” फकिराजींनी आवाज खाली आणला आणि गुरुजींचा हात दोन्ही हातांत घेतला. “आपल्या शाळेतल्या पोराचा धंदा वाचवाले सोताच्या गळ्यावर घेतलं. इतकं मोठं मन कोनाचं असते?”

“मोठं मन नाई. खरं सांगून राह्यलो मी.”

“तेच त! वरून कबूल बी करत नाई!”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक-दोघांनी देवीलालकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, थोडी कणव होती. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्यासाठी खोटं बोलायला लावलं, अशा अर्थाची. देवीलालनं वायर उचलली. एक वेढा वरून, एक वेढा खालून.

विमलताई पुढं झाल्या. “अवो फकिराजी, मी सांगतो तुमाले. ह्यायले वरचा सूर नाई लागत. घरी देवाची आरती बी खालच्या सुरातच म्हन्तेत.”

“ताई, तुमी बी धन्य हा,” फकिराजी म्हणाले.

सगळ्यांना नव्या माइकसोबत फोटो हवा होता. स्टँड मंडपाबाहेर उन्हात आणला. उकंडा गमछ्यानं माइकच्या पट्ट्यांवरचे बोटांचे ठसे पुसत होता. एकेक पट्टी, वरून खाली. कोणीतरी त्याला म्हणालं, “उकंडाभाऊ, जरासे बाजूले व्हा, माइक झाकून राह्यला.” तो बाजूला झाला. गुरुजींनी त्याचा दंड धरून त्याला परत माइकच्या मागं उभं केलं आणि स्वतः फोटोच्या चौकटीबाहेर गेले. तशी फोटो काढणाऱ्यानं मोबाइल खाली केला आणि म्हणाला, “गुरुजी, तुमी या ना, तुमच्याशिवाय कायचा फोटो.” शेवटी दोघांचा निघाला, मधोमध माइक. गावच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत त्याला एकशे बारा अंगठे मिळाले. खाली लिहिलं होतं: आमचे गुरुजी व नवीन माइक.

मंडळाचा तिसरा क्रमांक आला. पुढच्या महिन्यातल्या सप्ताहाचं साउंड फकिराजींनी वणीच्या एका माणसाला सांगितलं. त्याच्याकडंही तसाच गोलसर, पट्ट्यांचा माइक होता आणि त्यात निळे लाइट लागत होते.